स्वाराचा फेटा आणि घोड्याचें तोंड

चैत्राच्या पालवीबरोबर भीमा व घोड या नद्यांच्या कांठीं जत्रांचा हंगाम सुरू होतो, आणि शिरूर व दौंड या दोन्ही तालुक्यांतील घोडीं दावणीवरून सुटून लोकांपुढें येतात. कोणी देवाच्या छबिन्यापुढें चालतें, कोणी वरातींत हलगीच्या तालावर नाचतें, तर कोणी बैलगाड्याच्या घाटांत बैलांच्या पुढें धांवतें. त्या दिवसांत चावडीवर एक वाद हटकून निघतो: स्पर्धेंत उतरणाऱ्या स्वारानें अंगावर घालावें तरी काय? एक पक्ष म्हणतो, मराठी स्वार म्हटला कीं फेटा, अंगरखा, शेला आणि पायांत चढाव; यांतील एक वस्तु कमी झाली तरी परंपरा बुडाली. दुसरा पक्ष पुण्यामुंबईच्या अश्वारोहण शाळांतील काळा कोट, पांढरी तंग विजार, गुडघ्यापर्यंतचे बूट व टणक टोपी यांकडे बोट दाखवितो, आणि फेटा आतां नाटकांत व लग्नांतच शोभतो असें म्हणतो. आमच्या विद्यार्थ्यांपैकीं कित्येकांच्या घरीं घोडी आहे व त्यांतील कांहीं जण सुटींत स्वतः स्वार होतात. तेव्हां या वादांत शाळेच्या वार्षिकानें दोन शब्द बोलणें अप्रस्तुत होणार नाहीं. माझें मत आरंभींच सांगून टाकतों. पोशाखाचा अभिमान अवश्य धरावा. परंतु ज्या स्वाराच्या नांवानें आपण तो धरतों त्यानें तो पोशाख कां घातला हें आधीं पाहावें, आणि स्वाराच्या थाटाला गुण देण्यापूर्वीं घोड्याच्या तोंडांत काय घातलें आहे तें पाहावें.

घोड्याविषयीं बोलण्याचा अधिकार या मुलुखाला निश्चित आहे. भीमेच्या उत्तरेस शिरूर, दक्षिणेस दौंड. भीमेकांठचा हा प्रदेश भीमथडी म्हणून प्रसिद्ध, आणि दौंड-बारामतीकडील भाग तर इंग्रजी अमदानींत सरकारदप्तरींही भीमथडी तालुका या नांवानेंच नोंदलेला असे. येथील तट्टू बांध्यानें लहान, पण काटक, थोड्या चाऱ्यावर निभावणारें व खडकाळ वाटेवर न डगमगणारें. ज्या 'जय जय महाराष्ट्र माझा' या गीतांत या तट्टांचा नामोल्लेख आहे तें १९ फेब्रुवारी २०२३ पासून महाराष्ट्राचें राज्यगीत झालें. आणि २०२४ च्या सुमारास कर्नाल येथील राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोनें भीमथडी ही घोड्याची एक स्वतंत्र देशी जात म्हणून नोंदून घेतली. शिरूर तर लोकांच्या तोंडीं घोडनदी याच नांवानें आहे. १८१७ सालीं उभारलेल्या पूना हॉर्स या रिसाल्याचे स्वार तेथील छावणींत असत. त्या सालच्या ३१ डिसेंबरच्या रात्रीं शिरुराहून कोरेगांवच्या वाटेनें निघालेल्या तुकडींत त्यांचाही भाग होता. तो रिसाला पुढें घोड्यावरून उतरून रणगाड्यांत बसला, १९६५ व १९७१ या दोन्ही युद्धांत त्यानें परमवीरचक्र मिळविलें, आणि नांव मात्र अद्यापि 'हॉर्स' असेंच आहे. घोडा गेला, पोशाख गेला, तरी पलटणीची परंपरा खंडित झाली असें कोणी म्हणत नाहीं.

आतां मूळ पोशाखाकडे वळूं. जुन्या मराठी स्वाराच्या वेषाचें वर्णन ग्रँट डफ यानें १८२६ सालीं प्रसिद्ध केलेल्या आपल्या मराठ्यांच्या इतिहासांत दिलें आहे. हा गृहस्थ पेशवाई बुडाल्यावर साताऱ्यास इंग्रजांचा प्रतिनिधि होता, आणि मराठी स्वार त्यानें डोळ्यांनीं पाहिलेले होते. तो सांगतो त्याचा आशय असा: गुडघे झांकणारी तंग विजार, कापूस भरून शिवलेला झगा, कमरेभोंवतीं गुंडाळलेलें वस्त्र व त्यांतच आवळलेली तरवार, आणि डोकीस पागोटें; या पागोट्याचा एक पदर पुष्कळ स्वार हनुवटीखालून घेऊन तें घट्ट करीत.

या चार ओळींच्या वर्णनांत शोभेची एकही वस्तु नाहीं, ही गोष्ट मुलांनीं ध्यानांत घ्यावी. विजार तंग, कारण सैल कापडाची घडी मांडीखालीं येऊन दिवसभराच्या मजलेंत कातडें सोलून काढते. झग्यांत कापूस, कारण तरवारीचा ओझरता वार त्यांत मुरतो आणि माघांतील पहाटेची थंडीही. कमरेचें वस्त्र पाठीला आधार देतें व हत्यार खिळवून ठेवून दोन्ही हात मोकळे करतें. आणि पागोट्याचा हनुवटीखालचा पदर? घोडा चौखूर उधळला, ओढ्यावरून उडी मारली, स्वार मानेवर वांकला, तरी डोक्यावरचें संरक्षण डोक्यावरच राहावें म्हणून. आज टणक टोपीला जो हनुवटीचा पट्टा असतो त्याचें काम यापेक्षां निराळें काय आहे? ज्या पट्ट्याला आपण परदेशी म्हणून नाक मुरडतों तो आपल्या पणजोबांच्या पणजोबांनीं पागोट्याच्याच पदराचा केलेला होता.

आजचा फेटा पाहा. तो बहुधा तलम कापडाचा असतो, बांधणारा मनुष्य भाड्यानें आणलेला असतो, तुरा वर डुलत असतो व शेमला पाठीवर लोंबत असतो. दोन तास मिरविण्यास तो उत्तम. मलाही तो प्रिय आहे. परंतु हनुवटीखालीं त्याचा एक धागाही नसतो. पहिल्या हिसक्याला तो मागें सरकतो, दुसऱ्याला डोळ्यांवर येतो आणि तिसऱ्याला धुळींत पडतो. त्याला मराठी स्वाराचें शिरोवेष्टन म्हणून दौडीच्या वेळीं डोक्यावर ठेवणें हा त्या स्वाराचा मान नव्हे.

बैलगाड्याच्या घाटांत तर ही गोष्ट जिवावरची आहे. २०१४ सालीं सर्वोच्च न्यायालयानें या शर्यती बंद केल्या, डिसेंबर २०२१ मध्यें त्यांस पुन्हा वाट मिळाली, व १८ मे २०२३ रोजीं घटनापीठानें त्यासंबंधींचे कायदे वैध ठरविले. या सर्व वादांत बैलांच्या क्लेशांचा विचार झाला, आणि तो होणें योग्यच होतें. पुढें धांवणाऱ्या घोडीच्या पाठीवर जो पोरगा असतो त्याचा विचार मात्र फारसा कोणी बोलून दाखविला नाहीं. कोणाच्या डोक्यावर फेटा, कोणाच्या टोपी, पुष्कळांचें डोकें उघडेंच. खालीं मुरमाची कठीण चढण, दोहों बाजूंस माणसांच्या भिंती व शिट्ट्या, आणि मागून भरधांव येणारे बैल व गाडा. घोडी अडखळली तर त्या मुलाला बाजूला होण्यास वेळ किती मिळणार? ज्या आईबापांनीं मुलाला मोटारसायकलीवर शिरस्त्राण घालण्याविषयीं दहा वेळां बजाविलेलें असतें, तेच त्याला घोडीवर उघड्या डोक्यानें पाहून टाळ्या वाजवितात, याचें मला नेहमीं नवल वाटतें.

कोणी म्हणेल, आमचे आजे-पणजे असेच बसले, त्यांना काय झालें? पडून मेलेल्यांचे नातू ही गोष्ट सांगण्यास येत नाहींत, एवढेंच तिचें उत्तर आहे. दुसरा कोणी म्हणेल, चांगल्या स्वाराला पडण्याचें भय नाहीं. कोर्टनी किंग-डाय ही बाई २००८ च्या ऑलिंपिकांत अमेरिकेच्या संघांतून उतरलेली स्वार. २०१० सालीं सराव करीत असतां तिचा घोडा स्वतःच्याच पायांत अडखळून कोसळला. डोक्यावर शिरस्त्राण नव्हतें. कवटीला तडा गेला, ती कित्येक आठवडे बेशुद्ध होती, आणि पुढें चालणें-बोलणें तिला नव्यानें शिकावें लागलें. ती ज्या खेळांत निष्णात होती त्यास ड्रेसाज म्हणतात. त्यांत घोडा व स्वार यांच्या एकचित्ततेची परीक्षा होते, उड्या किंवा शर्यत कांहींच नसतें. त्या खेळांतील वरच्या दर्जाचे स्वार पिढ्यान्‌पिढ्या काळी, उंच, नळकांड्यासारखी रेशमी हॅट घालीत, आणि ती हॅट म्हणजेच खेळाची प्रतिष्ठा असें समजत. ती जाऊं नये म्हणून पुष्कळांनीं हट्ट धरला. तरीही आंतरराष्ट्रीय अश्वारोहण महासंघानें १ जानेवारी २०२१ पासून ती बंद केली व सर्वांस शिरस्त्राण सक्तीचें केलें. पुढें २०२३ च्या सप्टेंबरांत हांगझाऊच्या आशियाई खेळांत याच ड्रेसाजमध्यें भारताच्या संघानें सुवर्णपदक मिळविलें. दिल्लीच्या १९८२ च्या खेळांनंतर ४१ वर्षांनीं अश्वारोहणांत आलेलें हें सुवर्ण. सुदीप्ति हजेला, दिव्यकृति सिंह, अनुष अगरवाला व मुंबईचा हृदय छेडा या चौघांच्या डोक्यावर हॅट नव्हती, शिरस्त्राण होतें. आणि त्यामुळें पदक कांहीं उणें झालें नाहीं.

परदेशी पोशाख म्हणून ज्याला हिणवितात तोही निव्वळ परदेशी नाहीं. १८९७ सालीं राणी व्हिक्टोरियाच्या राज्यारोहणाच्या हीरकमहोत्सवास जोधपूरचे सर प्रतापसिंह आपला पोलोचा संघ घेऊन विलायतेस गेले. त्यांच्या स्वारांची मांडीशीं सैल व पोटरीशीं घट्ट अशी विजार पाहून तेथील लोकांनीं ती उचलली, आणि जोधपूर हेंच तिचें नांव इंग्रजी भाषेंत रुजलें. पोशाख घोड्यावरून देशोदेशीं हिंडतो व जेथें उपयोगी पडेल तेथें राहतो. राजस्थानच्या विजारीला विलायतेंत मान मिळतो, तर विलायतेच्या टोपीला शिरुरांत मज्जाव कां असावा?

तथापि फेटा सोडावा असें मी म्हणत नाहीं. फेटा व शिरस्त्राण यांपैकीं एकच निवडलें पाहिजे असें मानल्यामुळेंच हा वाद माजला आहे. पुण्याच्या रेसकोर्सवर पावसाळ्यांत घोड्यांच्या शर्यती होतात; तेथील जॉकीच्या डोक्यावरील रंगीत रेशमी टोपी सर्वांनीं पाहिली असेल. त्या रेशमाखालीं टणक शिरस्त्राण असतें. रंग मालकाचा, टणकपणा स्वाराच्या रक्षणासाठीं. हीच युक्ति आपल्या जत्रेंत कां नसावी? ज्या गांवाचा जो रंग त्या रंगाचें कापड शिरस्त्राणावर घट्ट, लोंबता पदर न ठेवतां बसवावें. मिरवणुकींत, घोडा पावलापावलानें चालत असतां, पूर्ण थाटाचा फेटा बांधावा. दौड, उडी किंवा भाल्यानें जमिनींतील मेख उचलण्याचा खेळ सुरू व्हावयाच्या आधीं तो उतरवून ठेवावा. शिरस्त्राण मात्र घोड्यावर बसण्याकरितां म्हणून केलेलें असावें. मोटारसायकलीचें जड असतें, बाजूचें दिसूं देत नाहीं व कान झांकतें. आणि एकदां जोराचा आघात सोसलेलें शिरस्त्राण बाहेरून धड दिसलें तरी पुन्हा वापरूं नये. लग्नांत पाहुण्यांच्या फेट्यांवर आपण जो खर्च करतों त्याचा अल्पसा भागही यास पुरेल.

पायांविषयीं दोन शब्द. चपला किंवा कापडी बूट घालून रिकिबींत पाय घालणें फार वाईट. टांच नसल्यामुळें पाऊल आरपार जातें, आणि स्वार पडला तर घोडा त्याला फरफटत नेतो. टांचेचा जोडा हवा. मग तो कोल्हापूरच्या चांभारानें केलेला असो वा कानपूरच्या कारखान्याचा. मुलींना आतां स्पर्धेंत पाठवूं लागलेल्या पालकांस पोशाखाची विशेष चिंता वाटते असें दिसतें. कांसोटा घातलेलें नऊवारी लुगडें नेसून या देशांतल्या बायका घोड्यावर बसत आल्या आहेत. अंगाशीं बसणारा, न लोंबणारा कोणताही पोशाख मुलींना चालेल, आणि डोक्याविषयींचा नियम त्यांनाही तोच.

येथवर स्वाराचें झालें. परंतु परीक्षकाच्या जागीं मला बसविलें तर मी स्वाराकडे शेवटीं पाहीन. आपल्याकडे सजावट म्हणजे गळ्यांत कंठा, कपाळावर गोंडे, पाठीवर भरजरी झूल, पायांत तोडे आणि खोगिराला आरसे. घोडा लहान व साज मोठा, असें नाकापेक्षां मोतीं जड झालेलें चित्र मी पुष्कळ वेळां पाहिलें आहे. त्याहून वाईट गोष्ट साजाखालीं दडलेली असते. घोड्याच्या खालच्या जबड्यांत पुढचे दांत व दाढा यांच्यामध्यें कांहीं बोटें जागा दंतरहित असते. तेथें हाडावर केवळ पातळ हिरडी असते, आणि लगामाचें कडियाळें नेमकें तेथेंच बसतें. वरातींतील घोडा मान कमानीसारखी करून, तोंड वासून थयथय नाचतो, तेव्हां लोक म्हणतात, काय तेज आहे! कडियाळें कांटेरी असेल तर तें तेज नव्हे, ती वेदना आहे. फेंसांत लाली दिसली कीं समजावें. १९६५ च्या ओझ्याच्या व गाडीच्या जनावरांसंबंधींच्या नियमांनीं जनावर हांकतांना वा त्यावर बसतांना कांटेरी कडियाळें वापरण्यास बंदी केलेली आहे. नियम साठ वर्षांचा झाला, तरी बाजारांत अशीं कडियाळीं मिळतात व घरोघरीं खुंटीला टांगलेलीं असतात. ड्रेसाजमध्यें घोड्याच्या तोंडांत ताजें रक्त आढळलें कीं ती जोडी तत्काळ बाद होते. इतकेंच नव्हे, तर घोडा देखणा दिसावा म्हणून त्याच्या ओठांवरचे व डोळ्यांभोंवतींचे स्पर्शाचे राठ केंस कातरण्यासही महासंघानें १ जुलै २०२१ पासून मनाई केली. कारण अंधारांत व चाऱ्यांत तोंड घालतांना घोडा त्या केसांनींच चांचपतो.

हा विचार आपल्याकडे नवा नाहीं. सभासदानें आपल्या बखरींत शिवाजी महाराजांच्या पागेची व्यवस्था लिहून ठेवली आहे. तीत दर २५ घोड्यांमागें एक पखालजी व एक नालबंद नेमलेला दिसतो. पाणी व नाल! ज्या राज्याची भिस्त घोड्यांवर होती त्याची पहिली काळजी ही होती. आणि जुन्या लोकांनीं भाषेंतही एक खूण ठेवून दिली आहे: खोगिराच्या आंत कोंबावयाच्या निरुपयोगी जिनसांवरून खोगीरभरती हा शब्द आला, तो आज आपण वाईट निबंधाला लावतों, सजावटीलाही तो लावण्यास हरकत नाहीं.

सजावटीवांचून घोडा कसा शोभतो हें पाहावयाचें असेल तर दूर जावें लागत नाहीं. मेंढपाळ धनगरांचे वाडे आपल्या शेतांत उतरतात तेव्हां त्यांचीं घोडीं पाहावीं. भीमथडीची जात टिकली ती मुख्यतः या लोकांमुळेंच. पाठीवर राहुटीचें सामान, भांडीं, वर एखादी कोंबडी व नवें जन्मलेलें कोंकरूं, आणि पुढें कासरा धरून चालणारी बाई. गोंडा एकही नाहीं. पण ओझें दोहों बाजूंस समतोल बांधलेलें असतें, आणि त्याखालीं गोधडीची जाड घडी घातलेली असते. कारण त्या घोड्याची पाठ सोलवटली तर संसार वाटेंत थांबतो. तसेंच आषाढींत तुकोबांची पालखी यवत, वरवंड करीत दौंड तालुक्यांतून जाते व पुढें इंदापुराकडे बेलवाडीस रिंगण होतें. तेथें देवाच्या अश्वावर कोणी बसत नाहीं. तो मोकळा धांवतो, आणि लाखों माणसें त्याच्या टापांखालची माती कपाळाला लावतात. लोकांच्या डोळ्यांत पाणी येतें तें झुलीमुळें येत नाहीं.

जत्रा-कमिट्यांवर आमच्या शाळेचे कित्येक जुने विद्यार्थी आहेत. त्यांस माझी सूचना अशी. सजावटीचें बक्षीस ठेवावें, पण आधीं पशुवैद्याकडून प्रत्येक घोड्याचें तोंड उघडून पाहवावें, खोगीर उतरवून पाठीवरून हात फिरवावा, चारी खूर उचलून पाहावे. तोंडांत जखम किंवा पाठीवर चट्टा असेल त्या घोड्यास, मग त्यावर शेर-दोन शेर चांदी कां असेना, रांगेंतून परत पाठवावें. खरारा केलेल्या अंगाची तुळतुळी, विंचरलेली आयाळ, स्वच्छ डोळे, मऊ व जुन्या झालेल्या पण तेल पाजलेल्या वाद्या यांस निम्म्याहून अधिक गुण असावे. राहिलेले गुण स्वाराच्या बैठकीस, हाताच्या हलकेपणास आणि पोशाखास द्यावे. ज्याच्या डोक्यावर शिरस्त्राण नाहीं त्यास दौडींत उतरूंच देऊं नये. त्याचा बाप कमिटीचा अध्यक्ष असला तरी. पहिल्या वर्षीं लोक कुरकुरतील. तेव्हां दोन-चार शिरस्त्राणें कमिटीनेंच विकत घेऊन मैदानाच्या कडेला ठेवावीं, म्हणजे घरीं विसरलों ही सबब उरणार नाहीं. त्यांवर कापड कोणत्या रंगाचें चढवावें, यावर गांवांनीं खुशाल पुढच्या चैत्रापर्यंत भांडावें.